हिरव्या दिव्यावरचा संशय

वनस्पतिशास्त्र विभागाच्या डार्करूमचं दार मी पहिल्यांदा उघडलं, तेव्हा आतून कुणीतरी ओरडलं, "लावा, लावा, दरवाजा लावा!" मी घाबरून दार लावलं आणि मग लक्षात आलं, की मी आतच राहिले. मिट्ट काळोख, आणि शेजारी कुणीतरी शांतपणे श्वास घेतंय. "बोलू नका जी. पाच मिनिटं डोळे बसू द्या," तो आवाज म्हणाला. मी दाराची कडी चाचपत उभी राहिले. पाच मिनिटांनी आवाजाने विचारलं, "आता सांगा, उजेड कुठून येऊन राहिला?" मला काहीच दिसत नव्हतं. "वर पाहा. पंख्याची वायर येते तिथं." तिथे खरोखर केसाएवढी एक पांढरी रेघ होती. दुसऱ्या दिवशी त्या फटीत कणकेचा गोळा बसला होता आणि वर काळी चिकटपट्टी.

ते रामटेके काकाजी. आमच्या विभागाचे लॅब अटेंडंट. दर सोमवारी सकाळी ते स्वतःला असे कोंडून घेत आणि उजेडाचे चोर पकडत. कॉलेजात एकोणीस वर्षं काम करत होते, पण कॉलेजचे नव्हते, ठेकेदाराचे होते. ठेकेदाराने दिलेला गडद निळा शर्ट, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मूळ गाव कुहीकडचं, तिथे धाकटा भाऊ धान लावतो. नागपुरात घर, बायको आणि बीएस्सीला असलेली मुलगी पल्लवी. वर्षात सुट्टी घ्यायचे ती एकदाच, दसऱ्याला. दीक्षाभूमीवर येणारे गावाकडचे तीस-पस्तीस नातेवाईक त्यांच्या दोन खोल्यांत उतरत, आणि काकाजी तीन दिवस नुसते चहा करत.

हा माणूस कशावर म्हणून विश्वास ठेवत नसे. कँटीनचा समोसा आधी उघडून आत बघणार, मग खाणार. डिस्टिल्ड वॉटरचा नवा कॅन आला की थोडं पाणी काचेवर सुकवून डाग पडतो का ते बघणार. वजनकाट्यावर रोज सकाळी एकच ठरलेलं नाणं ठेवून बघणार, कारण "काटा रात्रीतून बेइमान होऊ शकते." एकदा माझ्या शंभरच्या शंभर बिया उगवल्या. मी नाचायचीच बाकी होते. काकाजींनी बशीवर वाकून पाहिलं आणि म्हणाले, "शंभरच्या शंभर? मंग गडबड हाय." मला राग आला. निघालं असं, की मी निवडून ठेवलेल्या टपोऱ्या बियांचीच पुडी चुकून उचलली होती. त्या पुडीत खराब बी नव्हतंच, मग उगवण मोजून उपयोग काय? मी पुन्हा पेरल्या. काकाजींनी बशी धुऊन दिली.

मीही काही कमी संशयी नाही, हे आधीच सांगून टाकते. घराचं कुलूप तीनदा ओढून बघणाऱ्यांपैकी मी. त्यामुळे सुरुवातीला आमचं चांगलं जमलं. दोन संशयी माणसं एकत्र आली की तिसऱ्याबद्दल बोलायला त्यांना विषय कमी पडत नाहीत. आम्ही दोघांनी मिळून जवळजवळ सगळ्या विभागावर संशय घेतला होता. तो संशय एक दिवस आमच्या दोघांत येईल, असं मात्र मला तेव्हा वाटलं नव्हतं.

माझा पीएचडीचा विषय मुळांचा. बी कसंही पडो, उलटं, आडवं, मूळ खालीच जातं. जमिनीची ओढ त्याला कळते. पण मुळाला आणखी एक गोष्ट कळते: उजेड. त्याला उजेड नको असतो, उजेडापासून ते दूर पळतं. मग एका बाजूने उजेड टाकला आणि खालून जमिनीची ओढ असली, तर मूळ कुणाचं ऐकतं? किती ऐकतं? यासाठी मी मोहरी लावायचे. चौकोनी पारदर्शक बशीत अगारचा जेलीसारखा थर, त्यावर एका रांगेत बिया, आणि बशी उभी. मुळं बोटाच्या पेरभर झाली की बशी चौथाई वळवायची, की खाली जाणारं मूळ एकदम आडवं होतं. मग ते किती वेळात आणि किती वळून पुन्हा खालची वाट धरतं, ते आखायचं. निम्म्या बशा उजेडात, निम्म्या डार्करूमच्या अंधारात. अंधारातल्या बशा म्हणजे या कामाचा कणा. त्यांतलं मूळ फक्त जमिनीचं ऐकणार, म्हणून बाकी सगळं त्यांच्याशी ताडून बघायचं. त्याच बिघडल्या तर सगळा प्रबंध मातीमोल.

काकाजींना विषय माझ्यापेक्षा लवकर कळला होता. "धानाचे परे उपटले ना जी, का पहिले पेंढी बांधाची अन् मुळ्या झाकाच्या. रोवणीवाल्या बाया बोलत राह्यतात, हसत राह्यतात, पन हात मुळ्या झाकूनच ठेवते." परे म्हणजे भाताची रोपं. मग जरा थांबून म्हणायचे, "मुळी लपाले निघाली असते. लपनाऱ्याच्या मागं आपन दिवा घेऊन काहून फिरावं?"

आता आली पंचाईत. अंधारातली मुळं बघायची, तर बघायला उजेड हवा, आणि उजेड तर चालत नाही. यावर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय म्हणजे हिरवा दिवा. झाडाला हिरवा उजेड जवळजवळ कळत नाही, म्हणून हिरव्या उजेडात काम करायचं. माझ्या मार्गदर्शक देशकर मॅडमना त्यांच्या सरांनी हे शिकवलं, त्यांनी मला. दिवा म्हणजे तरी काय, एक पत्र्याचा डबा, त्यात बल्ब, आणि तोंडावर सदर बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या हिरव्या जिलेटिन कागदाच्या दोन घड्या. हा डबा डार्करूममध्ये डावीकडच्या फळीवर असे. हिरवा उजेड हा उजेड म्हणून मोजायचाच नाही, असा आमचा रिवाज. त्यामुळे मी बाहेर जाताना दिवा बंदही करत नसे. परत येऊन पुन्हा चाचपडत कोण बसणार?

काकाजींना तो दिवा पहिल्या दिवसापासून खुपत होता. "हिरवा असला म्हनून काय झालं? आपल्याले दिसून राहिलं म्हंजे उजेडच हाय ना." मी त्यांना समजावायचे, झाडाचे डोळे आणि आपले डोळे वेगळे. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "झाडाले इचारलं का कोनी?"

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात डब्यातला जुना पिवळा बल्ब उडाला. मी पांढरा एलईडी आणून लावला, वर कागद तोच. उजेड छान लख्ख पडला. आठवडाभराने काकाजी म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट सांगू? पहिले या दिव्याखाली माहा शर्ट काळा दिसे. आता निळा दिसून राहिला." मी हसले. बाहेर कूलरसमोर बसलेल्या देशकर मॅडमनाही सांगितलं, की काकाजींना आता शर्टाचाही संशय यायला लागला. त्याही हसल्या. काकाजी हसले नाहीत. दोन दिवसांनी मी परत आले तर दिवा बंद. कुणी केला विचारलं तर म्हणाले, "मी केला. खाली-पिली जळून राहिला होता." मी चिडून म्हटलं, "काकाजी, दिव्याला हात लावायचा नाही." ते "बरं जी" म्हणाले.

आणि त्याच पावसाळ्यात माझ्या अंधारातल्या बशा बिघडल्या. न वळवलेल्या बशीतलं मूळ ओळंब्यासारखं सरळ खाली जायला हवं. माझी मुळं तिरपी जायला लागली. सगळी एकाच बाजूला, उजवीकडे. रोज नाही, हेच तर वाईट. सोमवारी सरळ, बुधवारी तिरपी, शुक्रवारी पुन्हा सरळ. रोज बिघडत असती तर मी खोलीवर, अगारवर, बियांवर संशय घेतला असता. पण एक दिवस सोडून बिघडणारी गोष्ट म्हटली की माणूसच आठवतो. माझ्या मनात पाल चुकचुकली. डार्करूमची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती.

आज विचार करते तेव्हा मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते, की संशय घ्यायला तो माणूस मला किती सोपा वाटला. विभागात आणखी दोन संशोधक होते, देशकर मॅडम होत्या, मी स्वतः होते. आमच्यापैकी कुणाचं नाव माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही. ठेकेदाराचा माणूस, दहावी झालेला, निळ्या शर्टातला. त्याच्यावर संशय घ्यायला काही धाडस लागत नव्हतं.

मी पाळत ठेवायला लागले. जेवायला जाताना डार्करूमच्या दाराच्या फटीत, खाली कुणाला दिसणार नाही असा, शिवणाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवला. परत आले तर दोरा खाली पडलेला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी सरळ विचारलं, "काकाजी, आत कुणी गेलं होतं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या आणि म्हणाले, "नाही जी." ते खोटं बोलले, हे मला तोंडावरूनच कळलं. दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी जेवायला गेलेच नाही. जिन्याखाली उभी राहिले. दहा मिनिटांत काकाजी आले, आजूबाजूला पाहिलं, कुलूप काढलं, काळा पडदा अंगाभोवती धरून आत सरकले. बाहेर आले तेव्हा मी समोर उभी.

"काय करत होतात आत?"

"दिवा बंद कराले गेल्तो."

"दिव्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना? आणि मला विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"तुम्ही चिडान म्हनून. तुम्ही गेल्या का मी बंद करतो, तुम्ही याच्या पहिले चालू करून ठेवतो. तुमच्याच कामासाठी करून राहिलो जी."

"दार उघडलं की आत उजेड जातो, हे कळत नाही तुम्हाला? एकोणीस वर्षं झाली!"

काकाजींनी दाराला कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. मला वाटलं, पकडला गेलेला माणूस असाच कामात तोंड लपवतो. तीन महिन्यांचं काम गेलं होतं, प्रबंध द्यायला आठ महिने उरले होते, आणि माझ्या समोर एक माणूस उभा होता, ज्याने खोटं बोलल्याचं नुकतंच कबूल केलं होतं. त्याच संध्याकाळी मी प्राचार्यांना अर्ज लिहिला. "सदर कर्मचारी माझ्या प्रयोगात वारंवार ढवळाढवळ करीत असून त्यामुळे माझे नुकसान झाले आहे." अर्जावर देशकर मॅडमनी सही केली. त्या एकदा म्हणाल्या, "विचार कर." मी म्हटलं, केलाय.

ठेकेदाराला अशा बाबतीत चौकशी वगैरे लागत नाही. शनिवारी फोन, सोमवारी बदली. काकाजी किल्ल्या द्यायला आले. जुडगा टेबलावर ठेवला, प्रत्येक किल्ली कुठली ते सांगितलं. मग दाराशी थांबून एकच विचारलं, "मॅडम, त्या मुळ्या कोन्या बाजूनं पळून राहिल्या?"

मी वर बघितलं नाही. म्हटलं, "आता ते कशाला हवंय तुम्हाला?"

"नाही, दरवाजा तं समोर हाय. म्हनून इचारलं."

मी किल्ल्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. मला ते सोंग वाटलं.

काकाजी गेले आणि माझी मुळं सरळ व्हायला हवी होती. झालं उलटंच. आता ती रोज तिरपी जायला लागली. सोमवार नाही, शुक्रवार नाही, सगळे वार सारखे. मी नवीन अटेंडंटवर संशय घेतला. तो बिचारा डार्करूमच्या वाटेलाही जात नव्हता. मग एका सहकारी संशोधकावर घेतला. मग, कुणाला सांगू नका, देशकर मॅडमवरसुद्धा दोन दिवस घेतला. कुलूप बदललं, किल्ली गळ्यात घालून फिरू लागले. मुळं उजवीकडेच जात राहिली.

जानेवारीतल्या एका सकाळी थंडी होती म्हणून मी आईची निळी शाल गुंडाळून डार्करूममध्ये गेले. बशी हातात घेतली, रेघ आखायला वाकले, आणि माझ्या हातावर आलेला शालीचा पदर मला दिसला. निळा. चांगला निळाशार. मी बशी खाली ठेवली. खऱ्या हिरव्या उजेडात निळं कापड निळं दिसायला नको, काळं दिसायला हवं. निळा रंग दिसतोय याचा अर्थ या दिव्यातून निळा उजेड बाहेर पडतोय. पिवळ्या बल्बमध्ये निळा भाग नावापुरता होता, तो त्या दोन घड्यांनी अडवला असेल. पांढऱ्या एलईडीत तो भरपूर, आणि तो जिलेटिनमधून झिरपत होता. मोहरीचं मूळ सगळ्यात जास्त पळतं ते निळ्या उजेडापासूनच. हे मीच माझ्या पहिल्या प्रकरणात तीन पानं लिहिलं होतं.

दिवा डावीकडच्या फळीवर. मुळं उजवीकडे. दार समोर. दारातून उजेड आला असता तर मुळांनी बशीच्या आत, मागच्या बाजूला, अगारमध्ये शिरायला बघितलं असतं. उजवीकडे जायचं त्यांना काही कारणच नव्हतं. काकाजींनी जाताना विचारलं होतं ते हेच. मी दिवा बंद केला, चार दिवस आत पाऊल टाकलं नाही. पाचव्या दिवशी बशा बाहेर काढल्या. सगळी मुळं सरळ खाली.

मग मी नोंदवही काढली. मी कॉलेजात होते ते दिवस आणि बाहेर होते ते दिवस. मी दिवसभर विभागात ठाण मांडून बसले, काकाजींना आत जाता आलं नाही, त्या दिवशीची मुळं तिरपी. मी ग्रंथालयात गेले, त्यांनी जाऊन दिवा बंद केला, त्या दिवशीची सरळ. आणि दसरा. काकाजी तीन दिवस सुट्टीवर होते, मी एकटीच. त्या तीन दिवसांतली मुळं सगळ्यात जास्त वाकडी होती. ती नोंद मीच लाल पेनाने खोडून समोर लिहिलं होतं: "चूक, ग्राह्य धरू नये." बल्ब बदलल्यापासून माझ्या प्रयोगात जे काही चांगलं निघालं होतं, ते काकाजींनी माझ्या पाठीमागे केलेलं होतं. मी हुंदके देऊन रडले. नवीन अटेंडंटने बाहेरून विचारलं, "मॅडम, काही पाह्यजे का?"

देशकर मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "दिवा बदल, बशा पुन्हा लाव. मी मुदतवाढ बघते." मी विचारलं, "आणि रामटेके काकाजी?" त्या चष्मा पुसत राहिल्या. "आता त्यांना कुठे शोधणार तू?" शोधणं काही अवघड नव्हतं, ठेकेदाराकडे एक फोन करायचा होता. तो करायला मला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही कारण नाही. घाबरले होते.

काकाजी बुटीबोरीला होते, एका कापड कारखान्याच्या फाटकावर. मी पोचले तेव्हा बाहेर पडणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासत होते. शर्ट आता खाकी. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "पास?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काकाजी, मी तुम्हालाच भेटायला आले. "काहून?" मी म्हटलं, सांगायचं आहे. त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "एक वाजता जेवाची सुट्टी हाय. तिथं टपरीवर बसा."

टपरीच्या बाकावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, डबा न उघडता. बोलणं झाल्यावर म्हणाले, "वही आनली का?" मी नोंदवही दिली. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक तारीख बघायला सुरुवात केली. उलटतपासणीच केली माझी. या तारखेला तुम्ही कुठे होत्या? ग्रंथालयात? नक्की? हे सरळ, हे तुम्ही स्वतः मोजलं का दुसऱ्या कोणी? दसऱ्याचं पान आलं तेव्हा लाल पेनाने खोडलेल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि ते खूप वेळ तिथेच ठेवून बसले.

"या तीन दिवसांत मी नव्हतोच."

"नव्हता."

"घरी होतो. पाव्हने होते."

"हो, काकाजी."

"म्हंजे माह्यामुळं नाही झालं." हे ते मला सांगत नव्हते. मग चष्मा काढून, समोरच्या रस्त्याकडे बघत बोलू लागले. "मले वाटाले लागलं होतं, का माह्यामुळंच झालं असन. दिव्याचं मी बोललो, पन माहं काय, मी का शिकेल हाय? दरवाजा तं मी उघडतच होतो. पडदा कितीही धरला तं उजेड जातच असन थोडासा. पल्लवीनं एक दिवस इचारलं, बाबा, त्या मॅडमचं काम खरंच तुमच्यामुळं खराब झालं का? मी म्हनलं नाही. पन म्हनतानी माहीच नजर खाली गेली. तिनं पाह्यलं थे."

मला वाटत होतं, मी या माणसाची कॉलेजातली जागा घालवली. ती तर घालवलीच होती. पण साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसाचा ज्या एका गोष्टीवर विश्वास होता, स्वतःच्या डोळ्यांवर, तो मी एका अर्जाने काढून घेतला होता. आणि त्याच्या पोरीच्या डोळ्यांतलाही. मी म्हटलं, "काकाजी, मला माफ करा."

"थे नंतर पाहू जी," ते म्हणाले. "आधी लिवून द्या."

मी प्राचार्यांच्या नावाचं पत्र लिहूनच आणलं होतं. आधीची तक्रार चुकीची होती, दोष माझ्या दिव्याचा होता, प्रबंधातलं ते प्रकरण मी मागे घेते आहे, सगळं होतं त्यात. काकाजींनी ते दोनदा वाचलं आणि परत दिलं. "हे बराबर हाय. हे साहेबाले द्या. मले एक पल्लवीच्या नावानं पाह्यजे. साध्या भाषेत. तारखा टाकून."

मी टपरीवाल्याकडून कोरा कागद मागितला. लिहिलं: चि. पल्लवी, तुझ्या बाबांबद्दल माझा गैरसमज झाला होता. काकाजी वाकून बघत होते. "गैरसमज नका लिवू," ते म्हणाले. "थो कोनाचाही होते." मी ती ओळ खोडली. लिहिलं, की मी तुझ्या बाबांवर खोटा आळ घेतला. त्यांनी मला दिवा बघायला सांगितलं होतं आणि मी हसले होते. माझं जे काम चांगलं झालं ते त्यांनी केलेलं होतं. खाली तारखा लिहिल्या, सही केली. अक्षर वाईट आलं. काकाजींनी कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. डबा तसाच बंद राहिला होता. दोनचा भोंगा झाला. ते उठले, फाटकाशी गेले आणि आत येणाऱ्या ट्रकवाल्याकडे कागद मागू लागले.

पत्र मी प्राचार्यांना दिलं. ते प्रकरण पुन्हा करायला मला सव्वा वर्ष लागलं, निळा उजेड न देणाऱ्या लाल दिव्याखाली. काकाजींना परत घ्या, असं मी दोनदा लिहून दिलं, पण ती जागा भरली होती, आणि ठेकेदार म्हणाला, की ते स्वतःच नको म्हणतात. पल्लवीचा एकदा फोन आला होता. पत्र मिळालं, एवढंच म्हणाली, आणि माझा प्रबंध वाचायला मिळेल का विचारलं. मी पाठवला. काकाजींशी मात्र बोलणं झालेलं नाही. माफीचं नंतर पाहू, असं ते म्हणाले होते. मी अजून विचारलेलं नाही.